शके १८४०ची मानमोडी आणि जगाचा हिशेब

(माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तेरणेकाठच्या या परिसरात आपत्ती म्हटले की एकच तारीख डोळ्यांसमोर उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे असताना धरणी हादरली आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ती पहाट स्वतः पाहिलेली माणसे आज या सभेत बसली आहेत. कोणत्या घरातील कोण गेले हे गावोगाव अजून नावानिशी सांगता येते. याद्या झाल्या, पंचनामे झाले, देशभरातून माणसे धावून आली, नवी गावे वसली. हराळीसारख्या ठिकाणी ज्ञान प्रबोधिनीने उभे केलेले काम त्या दुःखातूनच सुरू झाले.

याच मातीने त्याच्या बरोबर पंचाहत्तर वर्षे आधी आणखी एक सप्टेंबर-ऑक्टोबर पाहिला होता. त्या वेळी घरे उभी राहिली आणि माणसे गेली. त्यांची यादी कोठेही नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्या साथीला 'मानमोडी' म्हणत. इंग्रजी दप्तरात ती इन्फ्लुएंझा म्हणून नोंदली गेली आणि जगाच्या इतिहासात 'स्पॅनिश फ्लू' या नावाने. यांपैकी शेवटचे नाव सर्वांत अन्यायाचे. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या राष्ट्रांनी आपापल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या होत्या. स्पेन तटस्थ होता, तेथील वृत्तपत्रे मोकळेपणाने लिहीत होती, खुद्द राजा तेरावा अल्फान्सो आजारी पडल्याची वार्ता त्यांनी छापली. आणि रोग लपविणारे सुटले, रोग सांगणाऱ्याच्या माथी त्याचे नाव बसले.

आजचा विषय या साथीची जगाच्या निरनिराळ्या भागांतील तुलना हा आहे. कोटींचे आकडे मनाला भिडत नाहीत, म्हणून एक सोपी रीत वापरू. हजार माणसांचे एक गाव कल्पू या. तेच गाव जगात ठिकठिकाणी नेऊन ठेवू आणि मानमोडीने त्यातील किती माणसे नेली ते पाहू.

हे गाव डेन्मार्कमध्ये असते तर दोन माणसे गेली असती. अमेरिकेत असते तर सहा-सात. तेथे एकंदर पावणेसात लाख माणसे दगावली. ब्रिटनमध्ये सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मेली. तेथील आपल्या गावात पाच-सहा घरांतून रडणे ऐकू आले असते. आता तेच गाव हिंदुस्थानात आणा. चव्वेचाळीस माणसे. मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे आपल्याच भाषेच्या मुलखात न्या. अठ्ठ्याहत्तर. डेन्मार्कच्या जवळजवळ चाळीस पट! यांपैकी डेन्मार्क, हिंदुस्थान आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे आकडे ख्रिस्तोफर मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातील आहेत. तो २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आणि पॅसिफिक महासागरातील पश्चिम सामोआ बेटांवर ते गाव असते तर? दोनशे वीस. पाचातला एक माणूस गेला, आणि तोही काही आठवड्यांत.

रोगाचा विषाणू मात्र सर्वत्र एकाच कुळातला होता. काही अभ्यासकांच्या मते मुंबईहून पूर्वेकडे सरकताना साथीचा जोर ओसरत गेला आणि बंगाल त्यामानाने वाचला. तसे असेलही. तरी दोन आणि अठ्ठ्याहत्तर यांतील अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. विषाणू जे करीत होता ते सर्वत्र सारखेच होते. तो फुप्फुसांची दारे उघडी टाकत होता आणि त्या दारांतून दुसरे जंतू शिरून न्यूमोनिया होत होता. बहुतेक माणसे या न्यूमोनियाने मेली. पेनिसिलिनचा शोध त्या वेळी दहा वर्षे दूर होता. डेन्मार्कच्या डॉक्टरकडेही जंतू मारणारे औषध नव्हते. मग तेथील रुग्णाजवळ असे काय होते जे वऱ्हाडातील रुग्णाजवळ नव्हते?

अंगात ताकद होती. पोटात अन्न होते. पांघरूण होते. आणि उशाशी बसून पाणी पाजणारे, स्वतः आजारी न पडलेले एक माणूस होते.

हा रोग आपल्याकडे समुद्रमार्गे आला. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. जून-जुलैची ही पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती काळ होऊन. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पंचांग पाहिले तर ते नवरात्राचे दिवस होते. गोदीतून शहरात, शहरातून आगगाडीने आणि टपालाच्या वाटेने रोग देशभर पसरला. या भागाचा विचार करायचा तर बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीच कुर्डुवाडीहून लातुरापर्यंत पोहोचली होती आणि सोलापूर हे तर मुंबई-मद्रास हमरस्त्यावरील गिरण्यांचे शहर. आगगाडीने कापूस, धान्य आणि माणसे नेली-आणली. त्याच डब्यांतून तापही आला. गंमत अशी की या भागाला रोगापर्यंत नेणारी वाट होती, औषधापर्यंत नेणारी नव्हती.

आता त्या वर्षीचा पाऊस पाहा. १९१८चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशभर सरासरीहून सुमारे एक चतुर्थांश कमी पडला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या अवर्षणांत त्याची गणना होते. खरीप करपला. त्यात युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल सारेच कडाडलेले. आणि दरवाढ चालू असतानाही युद्धासाठी धान्य देशाबाहेर जात राहिले. शेतकऱ्याला या वेळापत्रकाची क्रूरता समजावून सांगावी लागणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे हाती आलेला थोडाबहुत खरीप काढण्याचे आणि ज्वारीच्या पेरणीचे दिवस. नेमके याच दिवसांत घरातील कर्ती माणसे अंथरुणावर पडली. हा रोग नेहमीच्या तापासारखा म्हातारे आणि तान्ही मुले वेचत नव्हता. वीस ते चाळीस या वयातील माणसांवर त्याचा विशेष रोख होता. ज्यांनी पाभर धरायची तीच माणसे गेली, आणि पेरणी हुकली म्हणून वाचलेल्यांचे पुढचे वर्ष उपाशी गेले. साथ आणि दुष्काळ यांनी एकमेकांचे हात धरले होते.

स्त्रियांचे मृत्यू पुरुषांहून अधिक झाले. याचे कारण शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. घरात आजाऱ्याच्या तोंडाशी बसणारी ती, सर्वांच्या शेवटी उरलेले खाणारी ती, आणि स्वतः अंगावर ताप काढणारीही तीच. १९११च्या जनगणनेत देशात दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या. १९२१ साली ९५५ उरल्या. या घटीला इतरही कारणे असतील, पण मानमोडीचा वाटा त्यात निश्चित आहे. घरातील बाई गेली की तान्हे मूल मागोमाग जाई. ते मूल कोणत्या रोगाच्या रकान्यात मोजले गेले असेल?

मध्य प्रांताचा, वऱ्हाडाचा, मुंबई इलाख्याचा आकडा निदान सांगता येतो. या गावाचे काय? माकणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. मरे यांच्या अभ्यासात अमेरिकेतील चोवीस राज्ये आहेत, हिंदुस्थानातील ब्रिटिश अमलाखालचे नऊ प्रांत आहेत, हैदराबाद नाही. ज्यांच्या मृत्यूची विश्वसनीय नोंद, त्यांचीच तुलना, हा शास्त्राचा नियमच आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी महायुद्धात ब्रिटिशांना पैसा आणि सैन्य पुरविले आणि १९१८च्या आरंभी 'हिज एक्झाल्टेड हायनेस' हा किताब मिळविला. जिल्ह्यालाही त्यांचेच नाव होते. धाराशिव हे मूळ नाव अधिकृतपणे परत यायला २०२३ साल उजाडले. राज्यकारभार उर्दूत, शेतकरी मराठी, आणि दवाखाना असलाच तर तालुक्याच्या गावी. अशा ठिकाणी मानमोडीने किती माणसे नेली याचा अंदाज एकाच वाटेने बांधता येतो. १९११ साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ साली ती १ कोटी २५ लाखांच्या आत आली. दहा वर्षांत जी वाढ व्हायला हवी होती ती झाली नाहीच, वर नऊ लाख माणसे कमी झाली. त्यांत दुष्काळ आहे, प्लेग-पटकी आहे, स्थलांतर आहे. तरी या घटीचा मोठा भाग १९१८च्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी झालेल्या मरणाचा आहे. साऱ्या देशाचेही तेच. आजवरच्या जनगणनांत १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

सरकारी अंदाज कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. साथ ओसरताच सरकारच्या आरोग्य खात्याने साठ लाख मृत्यू धरले. १९२१च्या जनगणनेनंतर तोच आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला. १९५१ साली किंग्जले डेव्हिस यांनी तो १ कोटी ८५ लाखांवर नेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केवळ ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यांसाठी १ कोटी ३९ लाखांचा हिशेब मांडला. जगाचा एकूण आकडाही १९२७ साली सव्वादोन कोटींच्या आत मानला जात होता, तो २००२ साली पाच कोटींवर गेला. यातला कोणताही आकडा घ्या; जगातील सर्वाधिक मृत्यू हिंदुस्थानात झाले यात फरक पडत नाही. चार वर्षांच्या महायुद्धात साऱ्या राष्ट्रांचे मिळून जितके सैनिक पडले, त्यांहून अधिक माणसे या एका देशात प्रामुख्याने तीन महिन्यांत गेली. त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिकांनी प्राण दिले आणि दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ते योग्यच आहे. मानमोडीत गेलेल्यांसाठी मात्र देशात कोठे एक साधा दगडही सहज सापडत नाही.

परकीय सत्तेकडे बोट दाखविणे येथे सोपे आहे आणि ते दाखविलेही पाहिजे. डॉक्टर युद्धावर पाठविले होते, धान्य बाहेर जात होते, खेड्याकडे पाहायला कोणी नव्हते. पण त्या वर्षाच्या मुंबईच्या नोंदींत आणखी काही आकडे आहेत आणि ते वाचताना मान खाली जाते. मुंबई शहरात साथीने मेलेल्यांचे प्रमाण समाजवार नोंदलेले आहे. युरोपियनांत हजारी ८.३. पारशांत ९. मुसलमानांत १९.२. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि ज्यांना त्या काळी खालच्या जातीचे म्हणत, त्या आपल्याच हिंदू बांधवांत ६१.६. एकच शहर, एकच ऋतू, एकच रोग. १८.९च्या पुढचे हे जवळजवळ त्रेचाळीस जास्तीचे मृत्यू कोणी केले? गव्हर्नरने? युरोपियन आणि हिंदू यांच्यातील अंतराचा जाब इंग्रजाला विचारता येईल. हिंदू आणि हिंदू यांच्यातील अंतराचा जाब त्याला कसा विचारणार? अंधाऱ्या खोल्या, सामाईक नळापासूनचे अंतर, दाराशी यायला नकार देणारा वैद्य, ही व्यवस्था इथलीच होती. संघटित हिंदू समाजाचे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

त्याच मुंबईत दुसरेही चित्र होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते वस्त्यांतून मदत पोहोचवीत होते. सुरत जिल्ह्यात कल्याणजी आणि कुंवरजी मेहता हे बंधू, दयाळजी देसाई आणि त्यांचे तरुण सहकारी औषधे घेऊन खेडोपाडी हिंडले. पुढे बारडोलीच्या सत्याग्रहात हीच मेहता मंडळी पुढे दिसतात. लोक त्यांच्यामागे उगाच उभे राहिले नाहीत. औषधांचा गुण किती आला असेल हा प्रश्न वेगळा. दार ठोठावून कोणी पाणी दिले, पेज दिली, यानेच कित्येक जण वाचले असतील. महात्मा गांधी त्याच वर्षी मरणाच्या दारातून परतले ते मात्र मानमोडीने नव्हे. त्यांचा आजार आमांशाचा होता आणि आत्मचरित्रात त्यांनी तसे स्वच्छ लिहिले आहे. लेखांतून उलट विधान वारंवार येते म्हणून हा खुलासा. फ्लूने त्यांच्या घरातून सून गुलाब आणि एक नातू नेला, हे मात्र खरे.

दारिद्र्य हेच सर्व उत्तर असेल काय? मरे यांच्याच अभ्यासाप्रमाणे प्रदेशाप्रदेशांतील तफावतीपैकी जवळजवळ निम्मी दरडोई उत्पन्नाने उलगडते. उरलेल्या निम्म्यात माणसांचे निर्णय येतात. फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील संपन्न शहर. २८ सप्टेंबर १९१८ रोजी तेथे युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड संचलन निघाले, दोन लाख लोक रस्त्यावर आले. त्यानंतर सहा आठवड्यांत शहराने बारा हजारांवर माणसे गमावली. गर्दी वेळीच थांबविणाऱ्या सेंट लुईस शहरात मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले. पैसा दोन्हीकडे होता.

सामोआची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी 'तालुने' हे जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआच्या अपिया बंदरात आले. त्यावर आजारी माणसे होती, तरी उतारूंना उतरू दिले गेले. न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखालच्या या बेटांत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. शेजारची पूर्वेकडील बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती. तेथील गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बंदरे बंद केली, कडक विलगीकरण लावले आणि या साथीत तेथे एकही माणूस मेला नाही. त्यांनी देऊ केलेले वैद्यकीय साहाय्यही पश्चिमेकडील प्रशासकाने स्वीकारले नाही. भाषा एक, वंश एक, आहार एक, मधे थोडासा समुद्र. इकडे हजारात दोनशे वीस आणि तिकडे शून्य. २००२ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआत जाऊन जाहीर क्षमा मागितली. ऑस्ट्रेलियानेही बंदरांवरील विलगीकरणाने साथ १९१९च्या आरंभापर्यंत लांबविली आणि तेथे मृत्यू बारा-पंधरा हजारांवर थांबले. दक्षिण आफ्रिकेत अंदाजे तीन लाख गेले, आगगाडी आणि खाणींच्या वाटेने. इराणमध्ये दुष्काळ, परकीय फौजा आणि साथ एकत्र आल्या. तेथील नुकसान शेकडा आठ ते बावीस इतके व्यापक अंतर ठेवून सांगितले जाते, कारण मोजणारे कोणी नव्हते. आपल्याशी सर्वांत जवळचे साम्य कोणाचे असेल तर या इराणचे.

पुढच्या साथींत हे गणित बदलले का? २००९ साली स्वाइन फ्लू आला. भारतातील पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली. जगभर प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू सुमारे साडेअठरा हजार होते. २०१२ साली शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा मधला अंदाज २ लाख ८४ हजारांचा निघाला, पंधरा पटींचा. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आफ्रिका व आग्नेय आशिया या भागांत. रोग मोठ्या शहरांत दिसतो, कारण प्रयोगशाळा तेथे असते. कोरोना हा फ्लू नव्हे, पण मोजदादीचा वाद तोच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२०-२१चे जादा मृत्यू ४७ लाख धरले; भारतातील अधिकृत आकडा तेव्हा पाच लाखांच्या आसपास होता आणि भारत सरकारने त्या गणिती पद्धतीवर स्पष्ट हरकत घेतली. परक्यांचे गणित खोडायचे तर आपल्या प्रत्येक गावातील मृत्यूची नोंद, कारणासह, वेळेवर आणि पूर्ण हवी. ती असेल तर जिनिव्हात बसून अंदाज बांधण्याची कोणाला गरजच राहत नाही.

१९१८साठी ती संधी गेली असे म्हणता येते, पण पूर्णपणे गेलेली नाही. निजामी दप्तरात ते फसली सन १३२८च्या आगेमागे पडते, आपल्या पंचांगात शके १८४०. जुन्या घराण्यांच्या वंशावळी उघडा. त्या सुमारास एखाद्या तरुण पुरुषाची शाखा अचानक थांबलेली दिसेल. एकाच आजोबांच्या नावापुढे दोन बायका दिसतील, पहिलीचे एखाद-दुसरे मूल आणि पुढे काहीच नाही. दोन भावांची मुले एका चुलतीने वाढविली, अशी कथा कोणाच्या तरी आजीने सांगितलेली असेल. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत त्या वर्षी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण कोणाच्या नावे श्राद्ध करून गेले हे गाववार लिहिलेले असते. अस्थी घेऊन तेथवर जाण्याची ऐपत ज्यांना नव्हती त्यांची नावे त्या वह्यांत नसतील. त्यांच्यासाठी गावकुसाबाहेरच्या जुन्या वस्तीतील म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसावे लागेल, आणि तेथे प्रथम जावे लागेल, कारण तेथील आकडा एकसष्टचा होता.